आवाज गोड नाही, म्हणजे?

मराठीत आवाज आवडला की आपण आधी जिभेकडे वळतो. गोड गळा, मधुर बासरी, अवीट गोडीचं गाणं. मग सुरेल, मंजुळ, श्रवणीय, सुश्राव्य, कर्णमधुर. मैफलीच्या बातमीत यांतले दोन-तीन शब्द हमखास सापडतात. त्यातल्या ‘सुरेल’ला निदान तपासता येईल असा अर्थ आहे: सूर हवा तिथे लागला. ‘मंजुळ’ म्हटलं की आवाज बारीक, हलका असणार. खर्जाला कोणी मंजुळ म्हणत नाही. बाकीच्या शब्दांतून ऐकणाऱ्याला बरं वाटलं एवढंच कळतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. ‘ॲप नीट चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर काही करता येत नाही. कुठे, कधी, काय केल्यावर, हे कळावं लागतं. गेल्या वर्षी आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नेमकी तशीच तक्रार केली. त्यांना नवीन श्रवणयंत्रं बसवली होती. माणसांचं बोलणं छान ऐकू यायला लागलं. पण तंबोरा? “गोड लागत नाही,” एवढंच म्हणाले.

आप्पा रोज सकाळी मिरजेचा जुना तंबोरा घेऊन तासभर गात बसायचे. आता यंत्रं लावली तर तंबोरा आवडेना, काढली तर ऐकू येईना. महिन्याभरात तंबोऱ्याची गवसणी निघेनाशी झाली. घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही, पण सकाळी चहाच्या वेळची शांतता सगळ्यांनाच जाणवत होती.

ऑडिऑलॉजिस्टबाईंनी विचारलं, “गोड नाही म्हणजे नक्की कसा?” तोच प्रश्न घेऊन मी घरी आलो. आप्पा आधी वैतागले. मग मी तारा छेडत राहिलो आणि ते ऐकत राहिले.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी किंचित फुगीर असते. तार तिला निसटती टेकते, आणि मध्ये सुती दोरा सरकवून ती टेकण्याची जागा साधतात. मग एका तारेतून वरचे कितीतरी सूर झंकारत निघतात. ही जवारी. तार एखाद्या ठरावीक जागी छेडली, की नियमाप्रमाणे काही उपस्वर उमटायला नकोत. या घोडीमुळे तेही उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं आहे. वाद्यं बनवणारे आणि वाजवणारे हीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगतात: जवारी खुली, बंद, गोल. छेडल्यावर नाद मागे रेंगाळतो, ती आस.

“जवारी खुली आहे, ते कळतंय,” आप्पा डोळे मिटून म्हणाले. “आस सरळ राहत नाही. डुलते. पाण्यात हललेल्या सावलीसारखी.”

हे वाक्य मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, “शिट्टी!” श्रवणयंत्रातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरला तर शिट्टी वाजते. म्हणून यंत्र सतत एकाच सुरात चाललेला आवाज शोधतं आणि तो पुसायला बघतं. बोलण्यात असा लांबलचक सूर नसतो. तंबोऱ्याच्या आसेत तोच असतो. यंत्राला ती स्वतःचीच शिट्टी वाटत होती, आणि त्या झटापटीत सूर डुलत होता. बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. त्यात शिट्टी पुसणं कमी केलं, आणि लहान-मोठ्या आवाजांना एका पातळीवर दाबणंही.

सगळं परत आलं असं नाही. वयाबरोबर बारीक, उंच सूर आधी जातात, आणि ते यंत्राने पूर्ववत होत नाहीत. पण गवसणी निघते. यंत्रावरचं बटण दाबून आप्पा तंबोऱ्याचा प्रोग्रॅम लावतात आणि बसतात.

‘गोड’ हा शब्द मला अजूनही आवडतो. पण गोडी हरवली तर ती कुठे हरवली, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी घुमारा, आस, जवारी, भरीव, पातळ, चिरका, घोगरा असे शब्द लागतात. आप्पा बोलतात तसे मी ते फोनमध्ये टिपून ठेवतो. पुढच्या तपासणीला उपयोगी पडतील. कालची नोंद अशी: खर्ज भरीव, जोड बरी, पंचम पातळ, आस सरळ.