भामचंद्राच्या उतारावर

रविवारी आम्ही महाळुंग्याला भाईजानकडे गेलो होतो. कारखान्यांच्या शेड, कंटेनरच्या रांगा आणि पाळी सुटली की दुचाक्यांची झुंबड, असे हे गाव. मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून जोहरची नमाज पढून आम्ही पश्चिमेकडच्या भामचंद्र डोंगरावर गेलो. डोंगरात कोरीव गुहा आहेत. संत तुकाराम महाराजांनी येथे चिंतन केले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. वर शांतता आणि खाली चाकण एमआयडीसीची छपरे.

उतरताना भाच्याचा पाय मुरमावरून घसरला. घोटा सुजला, पाऊल टेकवेना. रात्रपाळीमुळे घरीच थांबलेल्या भाईजानना फोन लावला.

"कुठे आहात?"

"उतारावर, मोठ्या झाडापाशी. समोर निळी शेड दिसते."

"अरे, शेड तर चहूकडे आहेत!"

ते निघाले, पण पोहोचले दुसऱ्याच बाजूच्या पायथ्याला. असरची वेळ झाली होती आणि मोबाइलची बॅटरी 12 टक्क्यांवर आली होती.

तेव्हा आम्हाला नागफणी आठवली. मे 2022 मध्ये दिल्लीचा एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळच्या त्या सुळक्याकडे एकटाच गेला होता. वाट चुकल्याचे त्याने फोनवर कळवले आणि मग फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्र आणि एनडीआरएफच्या पथकांनी रान पिंजून काढले. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला. नुसते 'वाट चुकलो' एवढ्यावर शोधणाऱ्याने जायचे कुठे?

नमाजच्या वेळा आणि किब्ला पाहायला आम्ही रोज लोकेशन चालू करतो. त्या दिवशी तेच कामी आले. व्हॉट्सॲपवर पाठवलेले लोकेशन नेट नसल्याने अडकून पडले. पण जीपीएस उपग्रहांवर चालते, त्याला इंटरनेट लागत नाही. उघड्यावर मिनिटभर थांबलो. नकाशातला निळा ठिपका स्थिर झाल्यावर त्यावर बोट दाबून धरले, तसे दोन आकडे दिसले. एक 18 ने सुरू होणारा, दुसरा 73 ने. ते साध्या एसएमएसने पाठवले. दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा एकाने चुकला तरी जागा सुमारे 11 मीटर सरकते, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा तपासला. मग तिथून हललो नाही.

पाऊण तासात भाईजान गावातल्या दोन तरुणांना घेऊन थेट आमच्यापाशी आले. त्यांनी आळीपाळीने भाच्याला पाठीवर घेतले. अलहमदुलिल्लाह, हाड मोडले नव्हते.

आता घराबाहेर पडताना आमचे काही नियम आहेत. बॅटरी पूर्ण भरायची. निघतानाच, नेट असेपर्यंत, घरच्या एकाला आठ तासांचे लाइव्ह लोकेशन द्यायचे. 'करंट लोकेशन' पाठवले तर ते त्या क्षणाचीच जागा दाखवते, आपल्याबरोबर पुढे सरकत नाही. संकटात आधी 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावायचा आणि आकडे एकेक करून वाचून दाखवायचे. घरातल्या अम्मी-अब्बूंना आणि मुलांनाही हे एकदा करून दाखवायचे.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण. आमचा उंट त्या दिवशी 12 टक्क्यांवर होता.