नऊ तासांचे अंतर

दोन विमानतळांमधील अंतर सांगणे आता अगदी सोपे झाले आहे. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. लंडनहून येताना साधारण नऊ तास, जाताना त्याहून काहीसे अधिक. पृथ्वीगोलावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत जवळची रेषा मोजली की पहिला आकडा मिळतो. दुसरा मात्र वाऱ्यावर ठरतो. उंचावरून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत येणाऱ्या विमानाला रेटतात, जाणाऱ्याला अडवतात. राजकारणही त्यात हात घालते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि अंतर तेवढेच असून दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या भारतीय विमानांचे तास वाढले.

या आकड्यांचा घरगुती अर्थ आम्हांस गेल्या हिवाळ्यात अमडापुरात उमगला. शेजारच्या काकू पहाटे गेल्या. मुलगा लंडनला. अंगणात जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "नऊ तासाचं त इमान हाय, रातपर्यंत पोचते तो." हिशेब मांडायला आम्हीच बसलो. तिथून रात्री नऊला निघालेले विमान मुंबईस टेकते तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजलेले असतात. पुढे साडेचारशे किलोमीटरहून अधिक रस्ता. जून २०२५मध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, म्हणून तो तरी सुसह्य. तरीही संध्याकाळ होणारच.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "थांबायचं नाही." चिखलीहून, वीसेक किलोमीटरांवरून, मुलगी तासाभरात आली होती. अग्नी तिने दिला. मुलगा दुसऱ्या दिवशी रात्री आला; राख सावडायला तो होता.

वेळ वाचवण्याची विद्या या भागाला नवी नाही. १८७०मध्ये लॉर्ड मेयो यांनी शेजारच्या खामगावची रेल्वे सुरू केली, ती वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे लवकर पोहोचावा म्हणून. कापसाची वाट बाजार पाहत होता. त्यामुळे स्थानकापासून बंदरापर्यंतचा हिशेब पुरेसा होता. माणसाची वाट घर पाहते. त्याचे अंतर उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतच मोजावे लागते, आणि तो आकडा कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

काकांनी मुलाला बोल लावला नाही. लावण्याजोगे काही नव्हतेच. आमच्या वर्गांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. दूर जा, मोठे व्हा, असे त्यांना सांगणारे आम्हीच असतो, आणि यापुढेही तेच सांगू. फक्त निघण्यापूर्वी आईवडिलांजवळ बसून हा हिशेबही एकदा मोकळेपणाने बोलून ठेवा, एवढे एक वाक्य आता आम्ही त्यात घालतो. ऐनवेळी तो अंगणातल्या परक्या माणसांनी मांडू नये.