बंदुकीची निवड

छत्री घ्यावी ती ऊन आणि पाऊस दोन्हींना चालेल अशी. त्याच न्यायानें घराचें रक्षण व्हावें आणि नेमबाजीची हौसहि भागावी, अशी एकच बंदूक मला हवी होती. परवाना हातीं आल्यावर मी दुकानांत गेलों. विक्रेत्यानें १२ बोअरची दुनळी पुढें ठेविली. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक नळींत नेमकी बसावी. बोअरचा आंकडा त्यावरून पडला. उडत्या मातीच्या तबकड्यांसाठीं २८ इंची नळी बरी. ती संथपणें फिरते. छऱ्यांच्या बंदुकीला घरांत नेम लागत नाहीं, ही माझी समजूत मात्र तेथेंच मोडली. दहा पावलांवर छरे जेमतेम वीतभर पसरतात.

त्या रात्रीं दुनळीएवढीच, पावणेचार फुटांची काठी घेऊन मी माजघरांतून ओसरीकडे निघालों. काठी चौकटीला अडली. ती सोडवितों तों अंधारांत समोर कोणी तरी उभें! मीं काठी रोखली.

“बाबा, मी पाणी प्यायला उठलों,” धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं मीं तीच दुनळी घेतली. पण केवळ नेमबाजीसाठीं. ती कुलपांत असते, काडतुसें दुसऱ्या कपाटांत. घरासाठीं दाराला जाड अडसर बसविला आणि अंगणांत दिवा लावला. अडसराला माणूस ओळखावा लागत नाहीं. मला तो ओळखावा लागला असता, आणि अंधारांत मीं स्वतःच्या मुलालाहि ओळखलें नव्हतें.