गोणपाटाबाहेरचा बर्फ

लॅमिंग्टन रोड, हुबळी
27 फेब्रुवारी 2025, गुरुवार

काल शिवरात्र झाली, आज सिद्धारूढांचा रथ. सांगली-सोलापूरकडची भाविक मंडळी मठाकडे जाता-येता आमच्या रसवंतीवर थांबली. फेब्रुवारी संपायचा आहे आणि तहान मात्र वैशाखातली. सकाळी घेतलेल्या बर्फाच्या दोन लाद्या तीन वाजायच्या आत संपल्या.

थोरली रथ बघायला धारवाडहून आली. ती कर्नाटक विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते. लादीवरचं गोणपाट उचलत म्हणाली, "बाबा, आज जगभर ध्रुवीय अस्वलांचा दिवस पाळतात." चरकावरचा पोरगा कमलापूरचा. अस्वलाला तो करडी म्हणतो. त्याने मान वर केली. "करडी? आमच्या दरोजीच्या डोंगरात आहेत की अण्णा, काळी. पांढऱ्या करडीला बर्फ कशाला लागतो, गारव्याला?"

मलाही तसंच वाटत होतं.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

थोरलीने रात्री उत्तर दिलं. बर्फ त्याला उभं राहायला लागतो. पांढरं अस्वल जगतं सीलच्या चरबीवर. सीलला श्वासासाठी वर यावं लागतं, म्हणून तो समुद्रावर गोठलेल्या बर्फात भोकं राखून ठेवतो. अस्वल अशा भोकापाशी तासन्‌तास हालचाल न करता बसतं. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागणं कठीण. म्हणजे बर्फ हेच त्याचं शेत. वसंतात सीलची पिल्लं होतात तेव्हा त्याची सुगी. त्या सुगीतल्या चरबीवर पुढचे उपाशी महिने काढायचे. बर्फ लवकर फुटला की सुगी आखडते, उशिरा गोठला की उपास लांबतो.

अमरगोळच्या बाजारात कापूस, मिरची घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. हंगाम महिनाभर आखडला म्हणजे घरात काय होतं, ते त्याला ठाऊक आहे.

2 मार्च, रविवार

हवामान खात्याने सांगितलं, 1901 पासूनचा देशातला सगळ्यात उष्ण फेब्रुवारी हाच. बर्फवाला म्हणाला, कारखान्यावर आतापासूनच रांग लागते.

वडिलांचं बर्फाचं शास्त्र तीन वाक्यांचं होतं. लादी लागेल तेवढीच फोड. गोणपाट वाळू देऊ नकोस. चुरा उद्यासाठी ठेवू नकोस. जाड लादी तग धरते, चुरा बघता बघता पाणी होतो.

थोरलीने उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाचा हिशेब दाखवला तेव्हा मला वडीलच आठवले. तिथे चार वर्षांहून जुना, अनेक उन्हाळे पचवलेला बर्फ मार्च 1985 मध्ये एकूण बर्फाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. मार्च 2019 मध्ये तो उरला 1.2 टक्के. उरलेला बहुतेक कोवळा, पातळ, वर्षा-दोन वर्षांचा. लाद्या गेल्या, चुरा राहिला.

शिवाय उघडा बर्फ अंगावर पडणाऱ्या उन्हातलं 50 ते 70 टक्के परत फेकतो, समुद्राचं काळसर पाणी जेमतेम 6. बर्फ हटला की तिथलं पाणी ऊन पितं, तापतं आणि शेजारचा बर्फ खातं. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश 1979 पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

9 मार्च, रविवार. वास्को

मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. कॅसलरॉकनंतर गाडी घाटात उतरली. दूधसागरची धार आता बारीक झाली आहे.

जेवणं आटोपल्यावर थोरलीने मला हेडलँड सडा इथे नेलं. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र तिथे आहे. फाटक बाहेरूनच पाहिलं. खाली मुरगाव बंदर, दमट वारा, आणि इथून माणसं ध्रुवाकडे जातात! नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंड इथे आपलं 'हिमाद्री' स्थानक 1 जुलै 2008 रोजी सुरू झालं. डिसेंबर 2023 पासून आपले शास्त्रज्ञ तिथल्या काळोख्या हिवाळ्यातही राहू लागले. वस्तीबाहेर पडताना अस्वलाच्या भीतीने बंदूक बरोबर घ्यावी लागते.

आपला तिथे संबंध काय, हे मी विचारलंच. या केंद्राच्या शास्त्रज्ञांचा 2021 मधला एक अभ्यास आहे. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणं यांचा संबंध असावा, असं त्यात मांडलं आहे. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मूग निघालेला आणि मिरची, कापूस उभा असतो.

16 मार्च, रविवार

होळी झाली, हुबळी आता रंगपंचमीची वाट बघते आहे. गिऱ्हाईक कमी, म्हणून थोरलीने दिलेली टिपणं वाचली.

कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर अस्वलांची मोजणी होते. 2016 मध्ये 842, 2021 मध्ये 618. तिथला बर्फाविना काळ 1980 च्या दशकापेक्षा तीन-चार आठवड्यांनी वाढला आहे. सगळीकडे अशी स्थिती नाही. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुकची समुद्रातली अस्वलं धष्टपुष्ट आढळली आहेत, हेही लिहून ठेवतो. पण तिथलाही बर्फ घटतो आहे. जगात मिळून ही अस्वलं अंदाजे 26,000.

एक टिपण दोनदा वाचलं. 2008 मध्ये अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात गळ्यात यंत्र बांधलेली एक मादी बर्फ शोधत 9 दिवस सलग पोहली. अंतर 687 किलोमीटर, म्हणजे हुबळीहून मुंबई गाठून पुढेही बरंच. तिचं वजन 22 टक्क्यांनी घटलं. बरोबर निघालेलं वर्षाचं पिल्लू वाटेत गेलं.

रात्री जेवताना हे बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

28 मार्च, शुक्रवार

उत्तरेचा बर्फ दर वर्षी मार्चमध्ये सगळ्यात जास्त पसरतो. यंदा तो 22 तारखेला 1 कोटी 43 लाख चौरस किलोमीटरवर थांबला. उपग्रहाने मोजायला लागल्यापासूनच्या 47 वर्षांत हिवाळ्यातला एवढा कमी पसारा कधीच नव्हता.

30 मार्च, रविवार. गुढीपाडवा

शेजारी युगादीचा बेवु-बेल्ला, आमच्या दारात गुढी. दोन्हीकडे कडुलिंब आणि गूळ. पाडव्याला वडील नवी वही घालायचे, मीही घातली. या वेळी पहिल्या पानावर वेगळा हिशेब मांडला.

2016 मध्ये दोन शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून काढलेला आकडा असा: 1 टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की उत्तरेचा सप्टेंबरमधला बर्फ 3 चौरस मीटरने कमी होतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ऊस आणणारा आमचा टेंपो वर्षाला साधारण 900 लिटर पितो. म्हणजे सुमारे 2.4 टन. म्हणजे 7 चौरस मीटरच्या आसपास बर्फ.

आमचं दुकान 8 बाय 10 फूट, म्हणजे जवळजवळ तेवढंच. ज्या लादीवर आमचं पोट आहे तिला मी गोणपाट घालतो, आणि दर वर्षी दुकानाएवढा बर्फ त्या अस्वलाच्या पायाखालून काढून घेतो. हे मला आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून एप्रिलपासून शेजारच्या फळवाल्याबरोबर एकच टेंपो करायचं ठरवलं. त्याने लगेच होकार दिला.

ज्याच्या घरी डिझेल-पेट्रोलची पावती येते, त्याने नव्या वर्षाच्या वहीत हा गुणाकार एकदा करून पाहावा.