सूड कुणाच्या जिवावर?

ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात असलेल्या कारागृहात 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. बाबाराव सावरकरांच्या जन्मठेपेचा बदला म्हणून 21 डिसेंबर 1909 रोजी कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या होत्या, त्याही विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी. पुढच्याच महिन्यात सरकारने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. ठाणे-डोंबिवलीतल्या नाट्यशिबिरांत सूडनाट्य शिकवताना मी सुरुवात इथून करतो.

‘कीचकवधा’तल्या कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसे आणि सैरंध्रीत, म्हणजे द्रौपदीत, पारतंत्र्यातला देश. पांडवांचा अज्ञातवास उघडा पडेल म्हणून धर्मराज भीमाला आवरतो. सगळा ताण त्यात आहे. पण शेवटी कीचक मरतो आणि अज्ञातवासही टिकतो. पणाला लागलेलं काहीच भीम हरत नाही, म्हणून तो वीर आहे, शोकनायक नव्हे. कान्हेऱ्यांचा प्राण गेला, तरी मी त्यांनाही शोकनायक म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या त्या मुलाने समजून-उमजून स्वतःचा जीव दिला. ते हौतात्म्य. सूड घेणारा दुसऱ्याचं आयुष्य पणाला लावतो, तिथे शोकांतिका सुरू होते.

अशी शोकांतिका हॅम्लेटची आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून (1883) तो मराठीत आला, गणपतराव जोशींनी तो गाजवला आणि 2018 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सुमीत राघवनने तो पुन्हा उभा केला. हॅम्लेटबद्दल बोलताना त्याच्या चालढकलीचीच चर्चा फार होते. मला मात्र पडद्याआडच्या पोलोनियसला तो भोसकतो, तो क्षण निर्णायक वाटतो. ऑफिलियाचा बाप जातो, तिला वेड लागतं, ती बुडून मरते आणि तिचा भाऊ लेआर्टीस बापाच्या सुडासाठी उभा राहतो. बापाचा बदला घ्यायला निघालेला मुलगा दुसऱ्या मुलाच्या बापाचा मारेकरी झाला! लेआर्टीसच्या दुःखात आपलंच दुःख आहे, हे हॅम्लेटला कळतं. पण तोवर ऑफिलिया गेलेली असते.

आपल्या रंगभूमीवर हे सर्वांत भेदकपणे मांडलं ते तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने. 1972 साली पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणलं. परगावाहून आलेल्या घाशीरामवर चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण होते, शहराबाहेर हाकललं जातं. पुण्याचा सूड घेण्याची तो प्रतिज्ञा करतो. प्रेक्षक इथे पूर्णपणे त्याच्या बाजूने असतात आणि असायलाच हवेत, कारण अपमान खरा आहे. मग कोतवाली मिळवण्यासाठी तो पोटची पोर, गौरी, पेशवाईचा कारभारी नाना फडणवीस याच्या हवाली करतो. पुढचे सगळे अत्याचार या सौद्यातून येतात. गौरी मरते, तेव्हा खरा गुन्हेगार नाना त्याच्यासमोर असतो. पण हातातली सत्ता नानाचीच असल्यामुळे घाशीराम त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. त्याचा संताप पुन्हा शहरावरच कोसळतो. ज्यांनी छळलं त्यांना तो छळतो, ज्याने लुटलं त्याच्यापुढे झुकतो. अखेर नानाच त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो.

जमाव दगड मारायला जमतो, तेव्हा घाशीराम दयेची भीक मागत नाही. लेकीच्या आयुष्याची माती आपणच केली, हे कबूल करून तो मार मागून घेतो. ऐतिहासिक घाशीराम 1791 मध्ये पुण्यात दगडांनी मारला गेला. ही कबुली मात्र तेंडुलकरांनी त्याला दिली आणि अत्याचारी कोतवालाला शोकनायक केलं.

हा प्रवेश करताना आमच्याकडची तरुण मुलं घसा फाटेस्तोवर ओरडतात. मी त्यांना थांबवून विचारतो, गौरीला नानाकडे पाठवताना तू स्वतःची समजूत कशी घातलीस? ते सापडलं की राग वेगळा करावा लागत नाही. आज कुठल्याही मालिकेत, सिनेमात सूड घेणाऱ्यासाठी टाळ्या पडतात. मोठं सूडनाट्य त्याचा अपमान नाकारत नाही, त्याला क्षमेचा उपदेशही करत नाही. त्याच्या न्यायाची किंमत कोणी मोजली, एवढं ते विचारतं. अन्याय सोसलेला माणूसही या हिशेबातून सुटत नाही.