बिदागीचे सामने

बुद्धिबळाच्या पटावर बसण्यापूर्वीच समोरच्या गृहस्थाचा खेळ कितपत पक्का आहे, हे त्याच्या बोलण्याचालण्यावरून ओळखण्याची विद्या मला फार लवकर साधली. गडी कच्चा वाटला तर मी मोठ्या उत्साहाने मोहरी मांडू लागतो. आणि तो भारी वाटला तर नेमके त्याच वेळी माझे डोके दुखू लागते. मी कॉलेजात शिकवीत असताना माझे एक सहकारी शेजारच्याच वाड्यात राहत. त्यांनी मला लागोपाठ पाच डाव हरवले, तेव्हापासून दर रविवारी मला ही डोकेदुखी जडली, आणि ती पुढे वीस वर्षे टिकली. ही खोड मी कधी कोणापाशी कबूल केली नाही. ती स्वतःशी कबूल करण्याचा प्रसंग आला तो पुण्यापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतील एका लहानशा गावी. आणि तोही बुद्धिबळामुळे नव्हे, तर बास्केटबॉलमुळे.

मुलीकडे राहावयास गेलो होतो. तिच्या शेजारचे गृहस्थ तेथील कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे दुय्यम प्रशिक्षक. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तो जेवणाच्या मेजावर कागदच कागद पसरलेले आणि त्यांच्या कानाला फोन लागलेला. “येत्या हिवाळ्यासाठी प्रतिस्पर्धी जमवतो आहे,” फोन खाली ठेवीत ते म्हणाले. प्रतिस्पर्धी जमवावे लागतात, ही कल्पनाच मला नवीन होती. शत्रू आणि पाहुणे आपोआप येतात, असा माझा आजवरचा समज!

त्यांनी मला सारा व्यवहार समजावून दिला. तिकडे कॉलेजांच्या खेळांत ‘डिव्हिजन वन’ ही सर्वांत वरची श्रेणी. तीत बास्केटबॉल खेळणारी साडेतीनशेंहून अधिक कॉलेजे आहेत, आणि ती तीसेक गटांत विभागलेली आहेत. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. जानेवारी लागला की बहुतेक सारे सामने गटातल्या गटात होतात, आणि ते गटच ठरवून देतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरातले दहाबारा सामने गटाबाहेरच्यांशी खेळावयाचे असतात, आणि ते ज्याचे त्याने जमवावयाचे. मला हे ऐकताच आपल्याकडची आठवण झाली. गटातले सामने म्हणजे भाऊबंदकी. ती जन्माबरोबर येते, तिथे निवड नाही. गटाबाहेरचे सामने म्हणजे सोयरीक; ती जुळवावी लागते.

आणि सोयरीक म्हटली की पत्रिका आलीच. मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक संघच घेतात. गटाच्या स्पर्धेत जो जिंकेल त्याला थेट प्रवेश. उरलेल्या जागा एक निवड समिती भरते. ही समिती नुसते विजय मोजीत नाही. कोणाला हरवले आणि कोठे हरवले, हेही ती पाहते. त्यासाठी 2018 साली ‘नेट’ नावाची नवी क्रमवारी सुरू झाली. तिच्यातील पहिल्या 30 संघांपैकी एखाद्याला आपल्या घरी हरवले, तर तो विजय पहिल्या प्रतीचा. तटस्थ ठिकाणी पहिल्या 50 पर्यंतचा संघ चालतो, आणि परक्याच्या घरी जाऊन जिंकलात तर 75 पर्यंतचा. परक्याच्या घरी पराक्रम गाजविणे अधिक कठीण, हे समितीने आकड्यांत मांडून ठेवले आहे.

मानपानही आहे. बरोबरीच्या संघांत करार होतो तो असा : यंदा तुम्ही आमच्याकडे या, पुढल्या साली आम्ही तुमच्याकडे येऊ. मोठ्या विद्यापीठांना मात्र लहानांच्या घरी जाणे कमीपणाचे वाटते. ती लहान संघाला आपल्याकडे बोलावतात, सहसा उलट भेट देत नाहीत, आणि त्याबद्दल त्याला रोख रक्कम मोजतात. एका संध्याकाळचे ऐंशी-नव्वद हजार डॉलरही मिळतात. गवयाला गाण्याची बिदागी मिळते. या पाहुण्याला बहुधा हरण्याची मिळते.

सर्वांत बिकट अवस्था होते ती गुणी पण नाव नसलेल्या संघाची. त्याला हरवले तर कौतुक नाही, आणि त्याच्याकडून हरलो तर नाक कापले जाणार. मग त्याला घरी बोलावील कोण? 2024 साली इंडियाना स्टेटच्या संघाने 28 सामने जिंकले आणि अवघे 6 गमावले. ‘नेट’च्या क्रमवारीत तो पहिल्या तिसांत होता. पण गटाच्या अंतिम सामन्यात तो ड्रेककडून हरला, आणि समितीने त्याला वगळले. पहिल्या प्रतीचे विजय त्याच्या पदरी फारसे नव्हते. उपवर मुलीत सारे गुण असावेत आणि तिला पाहावयासच कोणी येऊ नये, तशातली ही गत.

माझा मुक्काम नोव्हेंबरपर्यंत लांबला, म्हणून शेजाऱ्यांच्या संघाचा एक बिदागीचा सामना मला पाहावयास मिळाला. प्रचंड क्रीडागृह, हजारो माणसे, आणि त्यांच्या गर्जनेत आमची दहाबारा पोरे अगदीच एकाकी दिसत होती. आम्ही 38 गुणांनी हरलो. अखेरची पाच मिनिटे यजमानांची राखीव मुले हसतखेळत खेळत होती, ते पाहून मला संताप आला. बाहेर बसजवळ मी शेजाऱ्यांना गाठले आणि न राहवून विचारले, “पैशांसाठी या मुलांना मार खावयास आणता, तुमचे मन खात नाही?”

“खाते,” ते म्हणाले. “या पैशांतून आमच्या मुलींच्या संघाचा प्रवासखर्च निघतो. वरून मला असे चार सामने घ्या म्हणून सांगितले होते. मी भांडून दोनांवर आणले. चार घेतले असते तर मुलांचा कणाच मोडला असता. पण एकही घेतला नसता आणि सारे दुबळे संघ घरी बोलावले असते, तर डिसेंबरात मुले स्वतःला मोठी समजू लागली असती, आणि जानेवारीत भाऊबंदांनी त्यांचा तो समज दूर केला असता.” मग किंचित थांबून ते म्हणाले, “शिवाय 2019 चा नोव्हेंबर मी विसरलेलो नाही.”

त्या महिन्याच्या 12 तारखेला इव्हान्सव्हिलच्या संघाने 90,000 डॉलर बिदागी घेऊन, देशात अग्रस्थानी असलेल्या केंटकीला त्याच्याच घरी 67-64 असे हरवले होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी स्टीफन एफ. ऑस्टिन या टेक्सासमधील कॉलेजने, तोवर अग्रस्थानी आलेल्या ड्यूकला त्याच्या घरी जादा वेळेत 85-83 ने नमविले. गटाबाहेरच्या पाहुण्यांवर ड्यूकने घरच्या मैदानात लागोपाठ 150 विजय मिळविले होते. ती मालिका त्या रात्री तुटली. मात्र याच इव्हान्सव्हिलने पुढे त्या हंगामात आपल्या गटातले अठराच्या अठरा सामने गमावले, हेही शेजाऱ्यांनी प्रांजळपणे सांगितले. अशा रात्रीवर संसार चालत नाही. पण ती रात्र परक्याच्या दारी गेल्यावाचून येतही नाही.

एवढ्यात मुले बसमध्ये चढू लागली. शेवटी आलेला एक उंच, सडपातळ मुलगा शेजाऱ्यांपाशी थांबला आणि म्हणाला, “उत्तरार्धात त्यांच्या त्या दांडग्याचा एक फटका मी हवेतच अडवला. पाहिलात ना?” त्याच्या चेहऱ्यावर 38 गुणांचे ओझे होतेच, पण त्याखाली काही एक नवे उजळले होते. दुबळ्या पाहुण्याविरुद्ध त्याने वीस गुण केले असते, तरी ते तिथे दिसले नसते.

मी मुकाट्याने मोटारीत बसलो. वीस वर्षांतले माझे सारे विजय एकेक करून आठवू लागलो, आणि मौज अशी की त्यांतला एकही डाव मला आठवेना. वाड्यातल्या त्या पाच पराभवांतले मात्र दोन डाव चालींसकट आठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावला. पुढल्या महिन्यात परत येतो आहे, आल्यावर रविवारी तुमच्याकडे दोन डाव मांडू, असे म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग परिचित, मिस्कील आवाज आला, “या, जरूर या. काय हो, डोके दुखायचे थांबले वाटते?”