मायची कोरी वही

माय 2006 च्या फाल्गुनात गेली. चांदनीच्या घरी, आपल्या नेहमीच्या खाटेवर, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. ती माझ्या वडिलांची आई. वडील तिला ‘माय’ म्हणत, म्हणून आम्ही नातवंडेही मायच म्हणत असू. पुढे शेजारीपाजारीही तिला त्याच नावाने ओळखू लागले.

तिचे माहेर रावेरकडचे. आजोबा रेल्वेत नोकरीला होते, त्यांची नेमणूक चांदनी स्टेशनावर झाली आणि नवी नवरी सालईच्या जंगलातल्या या लहानशा गावी आली. तेव्हा माहेर मुंबई इलाख्यात आणि सासर मध्य प्रांतात होते. देश स्वतंत्र झाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, बुऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. मायचे अंगण जिथल्या तिथे होते. आमच्या शाळेची भाषा तेवढी हिंदी झाली.

घरातली मराठी टिकली ती मायमुळे. तिला अक्षरओळख नव्हती, पण आम्ही शाळेतून आलो की ती विचारी, “आज काय शिकले, ते मला माझ्या बोलीत सांगा.” हिंदीत वाचलेला धडा तिला मराठीत सांगताना आमची त्रेधा उडे. आमचे खरे मराठीचे शिक्षण ते हेच, असे आज वाटते.

पुढचेच स्टेशन नेपानगर. तेथे देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला. 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. वडील तेथे कामाला लागले. सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून तेथे कागद होई. त्याच सालईचा डिंक माय तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकून घरभर धूप फिरवी. एकदा तिने वडिलांना विचारले, “एवढ्या कागदावर कोणाच्या गोष्टी छापतात रे?” वडील म्हणाले, “साऱ्या जगाच्या, माय.” ती हसली आणि निखाऱ्याला फुंकर घालू लागली.

तिच्या स्वतःच्या गोष्टी ओव्यांत होत्या. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली, की अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही ऐकत असू. त्यात रावेरची वाट असे, गाडीवर गेलेला भाऊ असे, आणि देवीच्या साथीत गेलेली तिची पहिली मुलगी असे. त्या मुलीविषयी ती एरवी कधीही बोलली नाही. ते दुःख ती केवळ दळताना बोलत असे. पुढे गावात पिठाची गिरणी आली. जाते परसात गेले आणि ओव्या थांबल्या.

पुढे महाविद्यालयात मी बहिणाबाई चौधरींची गाणी वाचली. जळगावजवळच्या असोद्याच्या या निरक्षर माउलीचे बोल तिचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. ती बोली मला ओळखीची वाटली. ती तर आमच्या घरातलीच होती. आपणही मायच्या ओव्या उतरवून घ्याव्यात, असे मी ठरवले. पण नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि ठरवलेले तसेच राहिले.

अखेर 2005 च्या दिवाळीत मी नवी वही घेऊन चांदनीला गेलो. माय म्हणाली, “तोंडाने नाही रे यायच्या. हाताला खुंटा लागला की आठवतात. जाते आण.” जात्याची वरची तळी परसात, तुळशीजवळ मातीत रुतली होती. ती उकरायची, धुवायची, बसवायची! माझी सुट्टी दोन दिवसांची. मी म्हणालो, “पुढच्या वेळी नक्की.” तिने मान डोलावली. तिने कधी कशाचा हट्ट धरलाच नव्हता.

ती पुढची वेळ आली नाही.

ती वही मी पुष्कळ वर्षे कोरीच ठेवली. आपण कमी पडलो, ही जाणीव तिच्याकडे पाहिले की होई. आमच्या घराजवळ कागदाचा एवढा मोठा कारखाना होता. मायचे बोल लिहायला दोन पाने पुरली असती. लिहिणारे हात मात्र वेळेवर मोकळे झाले नाहीत.

अलीकडे मी त्या वहीत मायचे आठवतील ते शब्द लिहू लागलो आहे. ‘खूप’साठी ती म्हणे तो ‘गंज’, ‘इथे’साठीचा ‘अठी’, असे एकेक. ओव्यांचे विषय आठवतात, चाल आठवते. शब्द मात्र हाती लागत नाहीत. पहिल्या मुलीची ओवी तर एकही पूर्ण आठवत नाही. त्या मुलीचे नाव केवळ त्या ओव्यांतच होते.

आपल्या मंडळातील अनेक घरांत अजून एखादी माय, आजी किंवा मावशी असेल. तिच्याजवळ या वर्षीच बसावे, एवढीच विनंती. आणि तिने जाते मागितले, तर ते त्याच दिवशी उकरून आणावे.